ओळीत उगवलेली मोहरी

लेकीचं बाळंतपण उरकून मी घरी आले आणि आधी नजर गेली ती कोनाड्यावर. मडकं नवं होतं.

माझं जुनं मडकं सासूच्या वेळचं. काठाला टवका उडालेला, अंग धुरानं काळं, तोंडावर फडकं बांधून वरून माती लिंपलेली. त्यात आमच्या मोहरीचं बी असायचं. आता तिथं लालभडक, कोरं, बाजारातून कालच आणल्यासारखं मडकं बसलं होतं.

"जुनं कुठाय गं?" मी सुनेला विचारलं.

ती चुलीपुढं बसली होती. मान वर केली नाही. "उंदरानं पाडलं."

"उंदीर होता का रेडा? ते मडकं पाडायला दोन माणसं लागतील."

तिनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"आणि बी?"

"गोळा केलं सगळं. त्याच्यातच आहे."

मी फडकं सोडलं, मूठभर बी तळहातावर घेतलं, फुंकर मारली. बारीक, गोल, काळपट तांबूस. मोहरीचा दाणा नुसता बघून जात सांगतो असं कुणी म्हणालं तर तो थापाड्या समजावा. मलाही सांगता येत नाही. मडकं भरलेलं होतं, मी तोंड पुन्हा बांधलं.

सुनेच्या उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत फडकं होतं. "हे काय?"

"चुलीत हात गेला."

"डोळे काय माहेरी ठेवून आलीस?"

तिनं मान वळवली. गालाच्या हाडावर पिवळा पडलेला डाग होता. तो कशाचा हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या पोराला गाव भडक्या म्हणतं, आणि गाव उगाच कुणाला नावं ठेवत नाही.

आमच्या मोहरीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शेंग वाळून कडकडीत झाली तरी ही फुटत नाही, दाणा रानात सांडत नाही. एक दाणा दाताखाली धरा, झणका थेट टाळूतून नाकात. लांबलांबची माणसं मागायला येतात. खायला देतो, पेरायला नाही देत. आदल्या वर्षी ऐन काढणीला गारा पडल्या. सगळं उभं पीक चिखलात गेलं, होतं ते बी वाहून गेलं. राहिलं ते एवढंच, कोनाड्यातल्या मडक्यातलं. ते गेलं की आमची मोहरी जगातून गेली.

बांधापलीकडं भावजींचं रान. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. माझा नवरा गेला आणि त्यांनी वर्षाच्या आत वाटणी मागितली. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. म्हशी तेवढ्या एकमेकींकडं बघून हंबरतात, त्यांना वाटणीचा कागद कुणी दाखवलेला नाही. भावजी मोहरीच लावतात, पण दुसरी, तेलाची. दाणा भरपूर, तिखटपणाच्या नावानं बोंब. पेरतातही महिनाभर उशिरा, म्हणून दोन्ही रानं एकदम फुलत नाहीत. माझा पोरगा त्यांच्या रानाकडं बघून रोज थुंकायचा. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून एकदा दोघं काठीवर आले होते, तेव्हा मधे म्हैस आली म्हणून वाचले.

पेरणी झाली. पोरानं पाभर धरली, सून मागून चालली. पाभरीवर लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. चाड्यात मूठ सोडायची, बी नळ्यांतून ओळीत जमिनीत पडतं. मूठ एकसारखी सुटली पाहिजे. सुनेची मूठ चांगली आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणाले नाही. त्या दिवशी मात्र ती अडखळत सुटत होती. मला वाटलं, भाजल्याचा ठणका असेल.

रोपं वर आली, दोन पाती, चार पाती. विरळणी केली. उपटलेली रोपं गुरांना घातली. अजून सगळी रोपं सारखीच होती. मग थंडी उतरली आणि खोडं वर सरकायला लागली. कळ्यांचे झुबके दिसायला लागले तेव्हा मी सकाळी सकाळी रानात शिरले. हे माझं दरवर्षीचं काम. फूल उमलायच्या आधी ओळीओळीनं हिंडायचं आणि परकं रोप दिसलं की मुळासकट काढायचं. दवानं पाय गुडघ्यापर्यंत गारठले होते.

चौथ्या की पाचव्या ओळीत मी थांबले.

आमच्या मोहरीचं वरचं पान देठानं खोडापासून लांब राहतं, अंग राखून असल्यासारखं. भावजींच्या मोहरीच्या वरच्या पानाला देठच नाही. ते दोन कान पुढं करून खोडाला कवटाळतं. माझ्यासमोर एक कवटाळलेलं पान होतं. मी ते तोडून चावलं. झणका नाही. नुसता हिरवा चोथा. पुढं बघितलं, अजून एक. त्याच्यापुढं अजून.

फुलं दोन्हींची सारखीच, पिवळी, चार पाकळ्या फुलीसारख्या. एकदा उमलली की माशी ह्याच्यावरून त्याच्यावर बसणार. माशीला भाऊबंदकी कळत नाही. ह्या वर्षी दाणा धरला की पुढच्या वर्षी धड आमचं नाही, धड त्यांचं नाही.

"काय झालं?" पोरगा मागं येऊन उभा होता.

"ही आपली नव्हे," मी म्हणाले. "भावजींची आहे."

"किती?"

"पसरलीय. सगळीकडं."

त्यानं एक रोप उपटलं, माझ्याकडं बघितलं, बांधाकडं बघितलं. मग खोऱ्याला लाथ मारून दांडा वेगळा केला. मी "अरे" म्हणेपर्यंत तो बांध ओलांडून गेला होता.

भावजी विहिरीपाशी वाकून पाटातला गाळ काढत होते. साठी उलटलेला माणूस, धोतर वर खोचलेलं, पोटऱ्या चिखलानं माखलेल्या.

"काका, आमच्या रानात बी टाकलंत ना?"

"कसलं बी?"

"तुमचं! घाण!"

भावजी उभे राहिले. जीभ त्यांचीही आमच्याच घरातली. "तुझ्या रानात मी थुंकायला सुद्धा येत नाही. थुंकीची किंमत असते."

दांडा वर गेला. भावजींनी डोक्यावर हात धरला आणि घाव हातावर पडला. आवाज आला. वाळकी फांदी मोडल्याचा नाही, ओली फांदी पिळल्याचा. दुसरा घाव खांद्यावर. ते पाटात कोसळले. तोंड चिखलात गेलं, त्यांना श्वास घेता येईना. तिसरा मांडीवर. मी धावत जाऊन पोराच्या कमरेला मिठी मारली, तर त्याचं कोपर माझ्या तोंडावर आदळलं. दात हलला. तोंडात रक्ताची चव आली तरी मी सोडलं नाही.

जाऊ घरातून धावत आली. नवऱ्याचं डोकं चिखलातून वर काढलं, तोंड पुसलं. हात कोपराखाली भलतीकडंच वळला होता. तो तिनं आपल्या छातीशी धरला. मग वर बघितलं. पोराकडं, माझ्याकडं, आणि माझ्या मागं बांधावर येऊन उभ्या राहिलेल्या माझ्या सुनेकडं. सुनेकडं जरा जास्त वेळ. तिचे ओठ हलले. आता ही शिव्याशाप देणार, म्हणून मीही पदर खोचून तयार झाले.

तिनं तोंड मिटलं. पोराला एवढंच म्हणाली, "झालं तुझं?"

"पुढच्या वेळी डोकं फोडीन," पोरगा म्हणाला, आणि दांडा खांद्यावर टाकून रानाकडं निघाला.

दुपारी हाड बसवणारा आला. बांधापलीकडून भावजींचं ओरडणं आमच्या चुलीपर्यंत ऐकू येत होतं. पोरगा जेवत होता. माणसाला मारून आलेला माणूस पोटभर जेवतो, हे मी ह्या घरात दोन पिढ्या बघितलंय. सुनेनं पाणी वाढलं, थोडं त्याच्या मांडीवर सांडलं. त्यानं ताट फेकलं. ताटाची कड तिच्या भुवईवर लागली. ती भुवई दाबून खाली बसली, आणि सांडलेलं जेवण एका हातानं गोळा करायला लागली.

"आधी रक्त थांबव," मी म्हणाले. "जमीन कुठं पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सून उपटायला रानात गेलो. पोराला मी विहिरीवर पाणी धरायला पाठवलं होतं. म्हटलं नजरेआड असू दे. मी एका ओळीत, ती शेजारच्या ओळीत. कवटाळलेलं पान दिसलं की ओढायचं, माती झटकायची, बांधावर टाकायचं. एक, पुढं एक, पुढं एक. तासभर झाला असेल. कंबर सरळ करायला मी उभी राहिले आणि मागं वळून बघितलं. जिथून रोपं काढली होती तिथं खळगे दिसत होते. सगळे खळगे ओळीत. दोन ओळींच्या मधे एकही नाही.

मी पुन्हा पहिल्या ओळीपर्यंत नजर टाकली.

हातानं फेकलेलं बी ओळीत उगवत नाही. ते कुठंही पडतं. मधल्या मोकळ्या पट्ट्यात पडतं, बांधाकडं दाट पडतं, लांब गेलं की विरळ होतं. हे बी पाभरीच्या नळ्यांतून आलं होतं. चाड्यातून. आमच्या मडक्यातून.

मी सुनेकडं बघितलं. भुवई सुजून तिचा एक डोळा मिटला होता. दुसऱ्या डोळ्यानं तिनं माझ्याकडं बघितलं आणि हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"मी घातलं," ती म्हणाली.

"बोल."

"तुम्ही लेकीकडं होतात. जेवण गार झालं म्हणून त्यांनी लाथ मारली. मी कोनाड्यावर आदळले. मडकं चुलीत पडून फुटलं. अर्धं बी निखाऱ्यात गेलं, तडतडायला लागलं. ते हसले. 'कसं वाजतंय बघ,' म्हणाले. मग झोपले. सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं."

"आणि हात?"

"निखाऱ्यातून काढलं, जेवढं निघालं तेवढं."

मी तिच्या बोटांकडं बघितलं. नवी कातडी गुलाबी, चकचकीत होती.

"मडकं अर्धं दिसलं असतं तर तुम्ही विचारलं असतं. म्हणून मी काकूंकडं गेले. त्यांनी नवं मडकं दिलं, ते भरायला लागलं तेवढं बी दिलं. म्हणाल्या, दाणा सारखाच दिसतो गं, पण रोप वाढलं की तुझी सासू ओळखेल. त्याच्या आधी तिला सांगून टाक."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं म्हणजे त्यांना कळणारच होतं. तुमचा आवाज विहिरीपर्यंत जातो, आई."

आयुष्यात मला गप्प करणारी माणसं दोनच. एक माझी सासू, ती गेली. दुसरी ही.

आणि मग मला जावेचे मिटलेले ओठ आठवले. आदल्या दिवशी तिनं एक शब्द उच्चारला असता तर पोरगा तिथल्या तिथं वळला असता. नवऱ्याचा मोडलेला हात छातीशी धरून ती गप्प बसली, कारण वळलेला दांडा कुणावर पडणार हे तिला ठाऊक होतं.

"काय म्हणाली ही?"

पोरगा बांधावर उभा होता. विहिरीवरून कधी आला कळलं नाही. पायाला ओला चिखल होता. सगळं ऐकलं होतं की शेवटचं तेवढं, कोण जाणे. त्याला तेवढं पुरलं.

"म्हणजे काकाचा हात मी तुझ्यामुळं मोडला?"

असं असतं ह्या माणसांचं. दांडा ह्याच्या हातात आणि घाव दुसऱ्याच्या नावावर.

त्यानं तिचे केस धरले आणि ओढत नेलं. ओळीच्या आडवं. कोवळी खोडं कडाकड मोडत गेली, आमचीही, त्यांचीही. तिनं त्याचं मनगट धरलं, पाय रोवायला बघितले. मऊ मातीत पाय ठरेनात. त्यानं तिला पालथी पाडलं, पाठीत गुडघा दिला, तोंड मातीत दाबलं. ती ओरडत होती ते मातीतच विरत होतं. मग त्याची नजर तिच्या खुरप्याकडं गेली. त्यानं ते उचललं.

खोऱ्याचा दांडा आदल्या दिवसापासून बांधालाच पडला होता. त्याच्या टोकाला भावजींच्या पाटातला चिखल वाळला होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला.

"आई, मधे पडू नकोस," तो मागं न बघता म्हणाला.

"मधे नाही पडत," मी म्हणाले. "वरून पडते."

मनगटावर घातला. तोच आवाज, ओल्या फांदीचा. खुरपं उडून लांब गेलं. त्यानं डावा हात पुढं केला, दांडा हिसकायला. दुसरा घाव गुडघ्याच्या वाटीवर. तो बाजूला कलंडला, गुरासारखा हंबरला. तिसरा मी घातला नाही. तो राखून ठेवलाय, त्यालाही हे ठाऊक आहे.

"आई, तू मला मारलंस?" तोंडाला फेस, डोळ्यांत पाणी, आवाज मात्र पाच वर्षांच्या पोराचा.

"मडकं कुणी फोडलं?"

"मला आठवत नाही."

"आता आठवेल. थंडी पडली की ठणका लागेल, तेव्हा दरवेळी आठवेल."

सून उठून बसली होती. तोंडातली माती थुंकत होती, मातीत रक्त होतं. नाक सोलवटलं होतं. मला वाटलं आता रडेल, माझ्या गळ्यात पडेल, आणि मला ते कसं घ्यायचं ते कळणार नाही. तिनं हाताच्या मागच्या बाजूनं तोंड पुसलं, मोडलेल्या ओळीकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, कळ्या टचटचीत झाल्यात. उद्या उमलतील."

मी दांडा टाकला. आम्ही पुन्हा वाकलो.

पोरगा तिथंच पडून कण्हत होता. त्याच्या बाजूनं आम्ही ओळ घेतली, पुढं गेलो. ऊन वर आलं. रान मोठं आणि हात चार, त्यातले दोन म्हातारे. उरकणार नाही हे मला दिसत होतं. तेवढ्यात बांधावरून आवाज आला, "सरका जाऊबाई, तिसरी ओळ मी घेते."

जाऊ होती. डोक्याला फडकं बांधून आली होती. वाटणीनंतरचे तिचे माझ्याशी हे पहिले शब्द.

आम्ही तिघी तीन ओळींतून पुढं सरकलो. नुसता मुळं सुटल्याचा आवाज येत होता. मग मीच विचारलं, "काल बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पोरगी गेली असती." तिनं एक रोप ओढलं, पान माझ्यापुढं धरलं. "ही आमची ना?"

"तुमचीच. बघ कशी चिकटलीय."

"हाताचं काय," ती पुढं सरकत म्हणाली, "हात जुळतो."

संध्याकाळी हाड बसवणारा पुन्हा आला, ह्या वेळी आमच्याकडं. "एकाच घरातले दोन हात," तो म्हणाला, "काल सांगितलं असतं तर पट्ट्या एकदम आणल्या असत्या." पोराचा पहिला ओरडा बांधापलीकडं गेला तेव्हा तिकडून भावजींचा आवाज आला, "वहिनी, तुम्ही त्याचा माझ्यापेक्षा बरा मोडलाय वाटतं!" चौकीत जायची तयारी त्यांनी केली होती. त्या रात्रीनंतर गेले नाहीत. एक हात इकडं, एक हात तिकडं, एवढाच निवाडा त्यांनी केला.

सुनेला मात्र मी त्याच संध्याकाळी बांध ओलांडून पाठवलं. तिचे कपडे, तिचं अंथरूण. "काकांचा हात जुळेपर्यंत त्यांचं काम तू कर," मी म्हणाले.

"आणि जुळल्यावर?"

"ते तू ठरव. आजवर ह्या घरात मीच ठरवलं, त्याचं काय झालं ते बघितलंस."

पोराच्या तोंडात घास मी भरवायची. मीच मोडला, मीच भरवणार. तो भिंतीकडं बघत खायचा. एकदा म्हणाला, "लोक हसतात."

"हसू दे. तू पण हसला होतास, बी जळताना."

पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही.

रान दात पडलेल्या तोंडासारखं दिसत होतं. पण जे उरलं ते आमचं होतं. फुलं आली, गेली, शेंगा भरल्या, वाळल्या, फुटल्या नाहीत. काढणीला सून आली, बांधापलीकडून, जावेबरोबर. मळणी झाली, उफणणी झाली, तेव्हा पेरायजोगं बी एका मडक्यापुरतंच निघालं. तेच नवं मडकं. मी तोंड बांधलं, माती लिंपली आणि ते सुनेच्या हातात दिलं.

"हे तिकडं ठेव."

"तुमचं बी आहे."

"ज्याच्या लाथेनं फुटलं त्याच्या छपराखाली मडकं नको."

ती घेऊन गेली. पोरगा दारात बसून बघत होता. उजवं मनगट वाकडंच जुळलं होतं. मूठ पुरती मिटत नव्हती.

पुन्हा पेरणीचे दिवस आले. जमीन तयार झाली. आता बी हवं. ह्या गावात माझ्या सासूनं कुणाच्या दारात बी मागितलं नाही, मी मागितलं नाही. मी बांधावर जाऊन उभी राहिले. हाक मारायला तोंड उघडेना. घसा खाकरला. पलीकडं भावजी अंगणात बसले होते, त्यांनी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. आयुष्यात एवढीच मेहेरबानी त्यांनी माझ्यावर केली असेल.

सून बाहेर आली. भुवईवर पांढरा वण, हात भरलेले, चाल सरळ. बांधाच्या तिकडच्या बाजूला थांबली.

"बी पाहिजे," मी म्हणाले.

"चाड्यावर कोण?"

"मी."

"पाभर?"

"रोजाचा गडी सांगितलाय."

"त्यांचा हात लागायचा नाही बियाला."

"नाही लागायचा."

"तुमचा शब्द?"

मला शब्द विचारते! ह्या रानात माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. गावात कुणाची छाती नाही असं विचारायची. मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"माझा शब्द," मी म्हणाले.

ती आत गेली. मडकं घेऊन आली. लिंपलेली माती माझ्यासमोर फोडली आणि माझ्या ओंजळीत बी ओतलं. पुरेसं झाल्यावर थांबली, मडकं पुन्हा काखेला लावलं. सगळं दिलं नाही. बरं केलं. मीही दिलं नसतं.

"बघून घ्या," ती म्हणाली. "आमच्यात मिसळलं असेल."

नुसतं बघून कळत नाही, तिलाही ठाऊक होतं. मी चार दाणे तोंडात टाकले आणि हललेल्या दाताच्या दुसऱ्या बाजूनं चावले. झणका टाळूतून नाकात गेला, नाकातून कपाळात, आणि डोळे भरून वाहायला लागले. ओंजळ भरलेली, पुसायला हात मोकळा नाही. तशीच उभी राहिले, तिच्यासमोर, बांधावर, भर उजेडात.

मोहरीनं पाणी आलं. दुसरं काही म्हणायचं असेल तर माझ्यासमोर येऊन म्हणावं.